कोरडवाहू वैरणीसाठी भाड्याची मशागत: रोटर, पलटी, सबसॉयलर, कुळव, सारे पाडणे... कुठं पैसे वसूल आणि कुठं मातीत

ट्रॅक्टरचे रिव्ह्यू यूट्यूबवर ढिगानं पडलेत, ह्याचं हायड्रॉलिक कसं, त्याला डिझेल किती लागतं, पण भाड्यानं जी मशागत आपण घेतो, जिच्यात दरवर्षी आपले खरे पैसे जातात, तिचा रिव्ह्यू कोण करताना दिसत नाही. म्हणून हा लिहायला घेतला. तोही फक्त वैरणीच्या रानापुरता. ऊस, डाळिंब, द्राक्षवाल्यांनी इथंच थांबलं तरी चालेल, तुमचं गणित वेगळं.

भाग आमचा सांगोला-आटपाडी-माण-जत ह्या पट्ट्यातला. पाऊस वर्षाला पाचशे मिलीच्या (मिलिमीटर) आसपास, तोही कागदावर. जून-जुलैत नुसता वारा, ढग येतात आणि डोक्यावरून पुढं निघून जातात, ऑगस्टमध्ये उघडीप, आणि मग सप्टेंबरात एकदम दोन-चार दणके की बांध फुटायची वेळ. घरी दुभत्या गाई, थोडी शेरडं, आणि एक खिलार बैलजोडी अजून आहे (म्हणजे आमच्या आण्णांच्या हट्टापायी आहे, मी कधीच विकली असती, पण ते पुढं येईल). रान तीन प्रकारचं, ओढ्याकडं काळं भारी, मधी मध्यम, आणि वरच्या अंगाला मुरमाड माळ. वैरण घरची असली तर दुधात चार पैसे राहतात, विकत घ्यायची पाळी आली की सगळा हिशेब उलटा. २०१२-१३ ला आणि परत २०१८-१९ ला आमच्या भागात चारा छावण्या लागल्या होत्या, त्या काळात ज्यानं गंजीला हात लावू दिला नाही तोच शहाणा ठरला.

मार्क देताना मी एकच बघितलंय, पडलेला पाऊस रानात किती मुरला आणि किती दिवस टिकला. रान दिसायला कसं झालं ह्याला माझ्याकडं शून्य मार्क. एका एकरावर एक मिली पाऊस म्हणजे चार हजार लिटर पाणी होतं, म्हणजे २५ मिलीचा एक चांगला पाऊस नुसता बांधाबाहेर वाहून गेला तर लाखभर लिटर गेलं, टँकरच्या हिशेबात दहा हजार लिटरचे दहा टँकर. उन्हाळ्यात त्याच टँकरसाठी आपण सरपंचाच्या दारात उभं असतो. तर आता एकेकाला घेऊ.

रोटरपासून (रोटाव्हेटर) सुरू करतो, कारण भांडणं सगळ्यात जास्त ह्याच्यावरच होतात. पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर, ५४० आरपीएमनं चालणारं हे औजार, एका फेरीत रानाचं पीठ करतं, आमच्याकडं एकरी दीड-दोन हजार घेतात, काम झटपट उरकतं, बघणाऱ्याला समाधान वाटतं आणि शेजारचा म्हणतो काय झकास रान केलंय. त्या झकासच्या नादात कोरडवाहू कडवळाच्या (वैरणीच्या ज्वारीच्या) रानांची पार वाट लागलीय असं माझं स्पष्ट मत आहे. मे महिन्यात कोरड्या रानात रोटर मारला की नुसता फुफाटा उडतो, मातीची ढेकळं म्हणून राहत नाहीत. मग वळवाचा पहिला पाऊस जोरात आला की ते बारीक कण वरच्या फटी बुजवून टाकतात आणि ऊन पडलं की वर पापड धरतो. पुढच्या पावसाचं पाणी त्या पापडावरून सरळ ओढ्याला. पेरलेलं असलं तर अजून वाईट, ज्वारी-मका थोडी तरी ढकलून वर येते, बाजरीचा कोंब खालीच वाकडा होऊन मरतो, आणि आपण बियाणं बोगस निघालं म्हणून दुकानदाराशी भांडायला जातो.

हे झालं वरचं. खाली काय होतं ते लोकांना दिसतच नाही. रोटरची पाती चार-पाच इंच जाते, दरवर्षी त्याच खोलीवर घासते, वरून ट्रॅक्टरचं वजन, त्यामुळं पाच-सहा इंचावर एक कडक थर बसतो. रान ओलं असताना मारला तर पाती खालची माती अक्षरशः लिंपून काढते. मालदांडीसारख्या रब्बी ज्वारीचं मूळ भारी रानात तीन-चार फूट खाली जाऊन ओल शोधतं, तिची सगळी ताकद त्यातच आहे, आणि आपण तिला सहा इंचावर फरशी घालून ठेवतो. तुमच्या रानात हा थर आहे का हे बघायला माती परीक्षण केंद्रात जायची गरज नाही. चांगला पाऊस झाल्यावर एक-दोन दिवसांनी बोटाएवढी जाड लोखंडी सळई घ्या आणि हातानं दाबत जा, बांधाकडेला जिथं कधी रोटर गेला नाही तिथं आणि रानाच्या मधोमध, दोन्हीकडं. मधोमध सळई वितीच्या आत अडली आणि बांधाकडेला सरसर गेली तर समजून घ्या.

आणि हराळी असेल त्या रानात तर रोटर घालूच नका, तुकडे तुकडे करून अख्ख्या रानात लावून देतो, प्रत्येक तुकड्याला डोळा, प्रत्येक डोळ्याला फुटवा. आता बाजू दोन्ही सांगितल्या पाहिजेत, विहिरीला पाणी असेल आणि लसूणघास करायचा असेल (राहुरी विद्यापीठाचं आरएल-८८ वाण वगैरे) तर बी एवढं बारीक असतं की रान भुसभुशीत लागतंच, तिथं रोटरला तोड नाही. पण ते झालं बागायत. कोरडवाहू कडवळाला ५ पैकी १, लसूणघासाच्या वाफ्यांना ५ पैकी ४.

पलटी नांगर. दोन फाळी हायड्रॉलिक पलटी, ४५-५० एचपीचा ट्रॅक्टर लागतो, नऊ इंच ते फूटभर जातो, आमच्याकडं एकरी दोन-अडीच हजार, डिझेल वाढलं की तेही वाढतं. ह्याचं मला एक आवडतं, रान ओबडधोबड पडतं, मोठमोठी ढेकळं, आणि तीच पाहिजेत. वळवाचा पाऊस त्या ढेकळांच्या मधी अडतो, मुरतो, ढेकळं आपोआप फुटतात. उन्हाळ्यात रान तापतं, हराळी-कुंद्याच्या काशा (जमिनीतली मुळं-खोडं) वर येऊन वाळतात, किड्यांचे कोष उघडे पडतात आणि बगळे-साळुंक्या ट्रॅक्टरच्या मागं मागं फिरून जेवण करतात. मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी २०१८ साली आपल्याकडं आली तेव्हापासून चाऱ्याच्या मक्याचं लई वाटोळं झालंय, तिचा कोष जमिनीतच असतो, त्यामुळं मका करणाऱ्यानं तरी उन्हाळी नांगरट सोडू नये.

पण दरवर्षी पलटी मारायची ही जी फॅशन झालीय ती कोरडवाहू रानाला परवडत नाही. सोलापुरात कोरडवाहू शेतीवरचं संशोधन १९३३ पासून चालू आहे, मुंबई इलाखा असतानापासून, आणि तेव्हाच्या लोकांनी जी पद्धत बसवली तिच्यात खोल नांगरट तीन वर्षांतून एकदा, बाकीच्या वर्षी कुळवाच्या पाळ्या (फेऱ्या), बांधबंदिस्ती, बी कमी, दोन ओळींत अंतर जास्त आणि कोळपण्या भरपूर, असंच सांगितलंय. नव्वद वर्षं होऊन गेली, पाऊस बदलला, बैल गेले, पण ह्यातलं एक अक्षर खोटं ठरलेलं मला तरी दिसलं नाही. मुरमाड रानात तर पलटी म्हणजे स्वतःच्या हातानं रान मारणं, वितभर माती असते ती खाली आणि खालचा मुरूम-चुनखडी वर. आमच्या माळाशेजारच्या एका रानात हे झालंय, आता तिथं कुसळसुद्धा धड येत नाही. आणि उशिरा, म्हणजे ऑगस्टच्या शेवटी रब्बीसाठी म्हणून पलटी मारली तर साठवलेली ओल सगळी उघडी करून उन्हाला दिली असं होतं. भारी आणि मध्यम रानाला, मार्च-एप्रिलमध्ये, तीन वर्षांतून एकदा, असं धरलं तर ५ पैकी ३.५. दरवर्षी मारणार असाल तर २.

जाता जाता, धसकटांचा, म्हणजे कापणीनंतर रानात राहणाऱ्या खुंटांचा विषय. रब्बी ज्वारी आपल्याकडं बरेच जण उपटून काढतात, कडबा बुडख्यासकट मिळतो आणि धसकटं राहत नाहीत, रानाची निम्मी मशागत तिथंच होते. कडवळ मात्र विळ्यानं कापतो, ती धसकटं राहतात आणि मग ती मोडायला रोटर बोलवायचा मोह होतो. कल्टिवेटरच्या (ट्रॅक्टरच्या फणांच्या औजाराच्या) आडव्या-उभ्या दोन पाळ्या घाला, एकरी हजाराच्या आत-बाहेर पडतात, धसकटं वर येतात, बाया लावून वेचा नाहीतर तशीच कुजू द्या. ह्याला रोटर नको.

सबसॉयलर ह्या प्रकाराबद्दल आमच्याकडं लोकांना फार माहिती नाही, जी आहे ती ऊसवाल्यांकडून ऐकलेली. एकच जाडजूड दांडा, खाली टोक, दीड ते दोन फूट खाली फाडत जातो, माती उलटी-पालटी करत नाही. ५० एचपीच्या वरचा ट्रॅक्टर लागतो आणि दर अवजार कुणाकडं आहे त्याच्यावर. रोटरनं बसलेला थर फोडायला ह्याच्याइतकं चांगलं काही नाही. पण अट एक आहे, रान पूर्ण कोरडं पाहिजे. एप्रिल-मेमध्ये मारला तर माती तडकते, दोन्ही बाजूला भेगा जातात. ओल असताना मारला तर लोण्यात सुरी फिरवल्यागत नुसती एक चीर पडते आणि आठ दिवसांत मिटते, पैसे गेले. उताराला आडवा मारायचा, दोन चिरांत चार-पाच फूट अंतर.

मध्यम रानात ह्याचा फरक मला डोळ्यांनी दिसलाय, मधी उघडीप पडली तेव्हा चिरांच्या वरची कडवळाची ओळ दुपारीही पानं उघडी ठेवून उभी होती आणि मधल्या ओळींनी पानं गुंडाळली होती. काळ्या भारी रानात मात्र घाई करू नका, ती जमीन उन्हाळ्यात स्वतःच हात-हात खोल भेगा पाडते, निसर्गाचा सबसॉयलर फुकट चालू असतो, आणि पावसानं फुगली की आपण पाडलेली चीर तशीही मिटते. मुरमाड रानात दांडा खडकाला अडकून शिअर बोल्ट तुटतो आणि तो बोल्ट कुणाचा ह्याच्यावर मालकाशी वाद होतो, ते आधीच बोलून घ्या. मध्यम रान, खाली थर असलेलं, तीन-चार वर्षांतून एकदा: ५ पैकी ४. बाकीच्यांनी पैसे ठेवा खिशात.

आता माझ्या लाडक्या विषयावर येतो. कुळव. ह्याचा कुणी रिव्ह्यू लिहील असं कुळवाला स्वतःला वाटलं नसेल. एक दिंड (आडवं लाकूड), दोन जानवळी (खालचे दांडे), खाली लोखंडी पास (आडवं पातं), झालं. दोन-तीन इंच खालून माती कापत जातो, माती जागची हलत नाही, तण मुळातून तुटतं आणि वर सुट्या मातीचा थर राहतो. त्या थराची किंमत मला जसजशी दुष्काळाची वर्षं गेली तसतशी कळत गेली. ओल वर येते ती मातीच्या बारीक बारीक नळ्यांमधनं, कुळवाची पास त्या नळ्या तोडते, वरचा थर वाळतो पण खालची ओल अडकून राहते. प्रत्येक पावसानंतर वाफसा आला (रान ना चिखल ना कोरडं झालं) की एक पाळी, हे आण्णांचं गणित आणि ह्याच्यासाठीच ती खिलार जोडी दावणीला आहे. जोडी पोसायचा खर्च धरला तर बैलाचा कुळव स्वस्त पडत नाही हे मी त्यांना दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी सप्टेंबरात पेरणीच्या वेळी आमच्या रानात ओल दोन बोटं वर लागते आणि मी गप्प बसतो.

ट्रॅक्टरचे कुळव आता सगळीकडं मिळतात, गावोगावचे वेल्डिंगवाले सहा-सात फुटी पासेचे बनवून देतात, भाड्याचा दर कल्टिवेटरएवढाच. काम बरं होतं, पण चाकाखाली रान दाबतं आणि वाफशाच्या दिवशी गावातले सगळे एकदम ट्रॅक्टर मागतात, तुमचा नंबर येईपर्यंत रान कडक. वाफसा काय आपल्या नंबरची वाट बघत बसत नाही. बैलवाल्याचा फायदा तिथं आहे. बैलाचा कुळव ५ पैकी ५, ट्रॅक्टरचा ४.

ह्याच्याच जोडीला कोळपणी, म्हणजे उभ्या पिकाच्या ओळींमधनं छोटं कोळपं फिरवणं. हे मशागतीत मोडतं का पिकात, असा वाद घालू नका, कोरडवाहू रानात पेरणीनंतरची मशागत ही आधीच्या मशागतीइतकीच मोठी आहे. जुनी माणसं एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी म्हणतात ते उगाच नाही. रब्बी ज्वारीला विद्यापीठवाले तीन कोळपण्या सांगतात, पीक तीन आठवड्यांचं झालं की फटीचं कोळपं, पाच आठवड्यांनी पासेचं, आणि आठ आठवड्यांनी दातेरी. ती तिसरी लोक टाळतात कारण तण तर नाही मग कशाला कोळपायचं. अहो ती तणासाठी नाहीच. तोपर्यंत काळी जमीन भेगाळायला लागलेली असते, त्या भेगांमधनं खालची ओल वाफ होऊन जाते, दातेरी कोळप्यानं त्या भेगा बुजतात. आणि इथंच कडवळ फोकून (हातानं विखरून) पेरणाऱ्यांचा तोटा होतो. वैरणच तर करायचीय म्हणून फोकून दिलं की कोळपं चालणार कुठून? पाभरीनं (बैलाच्या पेरणीच्या औजारानं) नाहीतर ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्रानं ओळीत पेरा, फूटभर अंतर ठेवा, निदान पहिली एक-दोन कोळपणी तरी होईल. बी पण बेतानं. चाऱ्याच्या ज्वारीला हेक्टरी ४० किलो सांगतात, म्हणजे एकरी १६, धान्याच्या ज्वारीला हेक्टरी १० पुरतं. आमच्याकडं काही जण एकरी तीस-तीस किलो ओततात, ताटं बारीक येतात म्हणून, पण पाऊस ताणला की सगळीच गुडघ्यात आखडतात.

आणि आखडलेली ज्वारी नुसती कमी वैरण देते एवढ्यावर भागत नाही. पाण्याविना थांबलेल्या किंवा कोवळ्या ज्वारीत विष असतं, जनावराला किराळ लागते, फुगून-थरथरून बघता बघता जनावर जातं. निम्म्या फुलोऱ्यावर आल्यावर कापली तर भीती कमी. पण रानात ओलच टिकली नसेल तर ती फुलोऱ्यावर येणार कधी, म्हणजे मशागतीत वाचवलेले हजार रुपये गाईच्या जिवावर यायला वेळ लागत नाही.

सारे पाडणे, म्हणजे रानात साधारण दहा बाय दहा मीटरचे बंदिस्त वाफे करून ठेवणे, ह्याला सगळ्या लिस्टमध्ये मी एक नंबर देतो. रब्बीच्या रानाला, भारी नाहीतर मध्यम, उतार कमी असलेलं. जून-जुलैत ट्रॅक्टरच्या सारा यंत्रानं नाहीतर बळीराम नांगरानं उभे-आडवे वरंबे ओढायचे आणि सप्टेंबरपर्यंत रान तसंच ठेवायचं. जेवढा पाऊस पडेल तेवढा प्रत्येक वाफ्यात जागच्या जागी उभा राहतो, हळूहळू मुरतो. मीटरभर खोल काळी जमीन पिकाला उपयोगी पडेल असं दीड-दोनशे मिलीपर्यंत पाणी पोटात ठेवू शकते, ते भरून घ्यायचं हेच काम. मग पेरणीच्या आधी कुळवानं वरंबे मोडायचे आणि १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबरच्या मधी ओल बघून पेरायचं. मालदांडी ३५-१, जी मोहोळच्या ज्वारी संशोधन केंद्रावर निवडली गेली, अजून आमच्याकडं कडब्यासाठी तिच्या तोडीची दुसरी नाही, गोड कडबा, जनावर बुडखा पण सोडत नाही. मध्यम रानात फुले सुचित्रा चांगली, हलक्यात फुले अनुराधा.

सारे पाडायला पैसे किती? एकरी कल्टिवेटरच्या एका पाळीएवढे. आणि तरीही आमच्या गावात बोटावर मोजण्याएवढे लोक करतात. कारण विचारलं तर एक तर "तीन महिने रान मोकळं ठेवायचं का", आणि दुसरं, जे कोण उघड बोलत नाही, साऱ्यांचं रान दिसायला गबाळं दिसतं. पहिल्याचं उत्तर असं की पाचशे मिलीत दोन पिकं घ्यायच्या नादात दोन्ही अर्धी जातात, ज्याला खरीप कडवळ पाहिजे त्यानं थोडं रान वेगळं ठेवावं. दुसऱ्याला माझ्याकडं उत्तर नाही. एक काळजी घ्या, सप्टेंबरात एकाच रात्री मोठा पाऊस झाला तर खालच्या अंगाचे वरंबे फुटतात आणि भारी रानात पाणी तुंबून वाफसा लांबतो, त्यामुळं सकाळी खोरं घेऊन चक्कर मारायची तयारी ठेवा. ५ पैकी ५, आणि शंभर टक्के पैसे वसूल.

बीबीएफ, म्हणजे रुंद वरंबा सरी, ह्याचं सध्या सोयाबीनमुळं नाव आहे, इक्रिसॅट ह्या आंतरराष्ट्रीय शेती संशोधन संस्थेनं हैदराबादजवळ पाटणचेरूला काळ्या जमिनीवर ह्यावर बरंच काम केलंय. खरीप मका-कडवळाला चालतं, जास्त पाऊस झाला तर सरीतून निघून जातो, कमी झाला तर सरीत मुरतो. मात्र यंत्र सगळीकडं मिळत नाही, आणि आमच्याकडं पाणी काढून देण्याची वेळ येतेच कुठं. ५ पैकी ३, मराठवाडा-विदर्भवाल्यांनी जास्त धरले तरी माझी हरकत नाही.

आता विना नांगरणीवाले नक्की विचारतील की ह्या सगळ्याची गरजच काय. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळेंची एसआरटी (सगुणा राइस टेक्निक) पद्धत मी वाचलीय, कोकणात भातावर त्यांचं काम मोठं आहे, गादीवाफे एकदा करायचे आणि परत नांगर नाही. पण त्या पद्धतीचा जीव आधीच्या पिकाच्या मुळांत आणि रानावर राहिलेल्या काडीकचऱ्यात आहे. आमच्याकडं रानात काडी राहील कशी? ज्वारी मुळासकट उपटतो, राहिलंसाहिलं शेरडं-मेंढरं चारून जातात, धनगरांचे कळप बसतात (ते चांगलंच, लेंडीखत मिळतं), मार्चमध्ये रान तळहातासारखं उघडं. वैरणीच्या मुलखात वैरण जमिनीवर झाकायला ठेवा म्हणणं सोपं आहे, ऐकणारी गाय दावणीला हंबरत असते. तरी एक मधला मार्ग जमतो, कडवळाची धसकटं जागेवर ठेवून दोन धसकटांच्या ओळींमधी फक्त काकऱ्या (उथळ चरे) मारून पेरायचं. थोड्या रानात करून बघण्यासारखं, मार्क आत्ताच देत नाही.

माळाच्या मुरमाड रानाला वरचं जवळपास काहीच लागू नाही. तिथं दरवर्षी काही पेरायचा अट्टहास सोडा, कायमचं गवत लावा. मारवेल, मद्रास अंजन, आणि त्यांच्यात स्टायलो, डाळवर्गीय आहे, प्रोटीन चांगलं. मशागत म्हणजे पावसाच्या तोंडावर उताराला आडव्या काकऱ्या, बस. अंजनाचं बी हलकं, केसाळ, वाऱ्यानं उडतं, शेण-मातीच्या काल्यात घोळून गोळ्या करा आणि वरच्या वर टाका, खोल गेलं की संपलं, नखाएवढी माती वर आली तरी पुरे. स्टायलोचं बी कडक असतं, गरम पाण्याची प्रक्रिया करून मगच टाका. मारवेलची ठोंबं लावली तर बियाण्यापेक्षा खात्रीशीर. पहिल्या वर्षी चरायला सोडायचं नाही, कापून घालायचं, आणि हे पाळणं मशागतीपेक्षा अवघड आहे कारण शेजाऱ्याच्या शेळ्यांना ते कोण समजावणार. काकऱ्यांना इथं ५ पैकी ४.५.

शेवटी सर्व्हिसबद्दल, कारण औजार कितीही चांगलं असलं तरी चालवणारा महत्त्वाचा. आमच्या भागातल्या एका भाडेवाल्यानं (नाव घेत नाही, उद्या परत त्याच्याकडंच जायचंय) एकरी दरानं पलटी घेतली आणि ड्रायव्हरनं वरच्या गिअरमधी पळवून पाच इंचावर रान उरकलं, वरनं बघितलं तर नांगरट, खाली काहीच नाही. एकरी दर असला की ड्रायव्हरला घाई, तासावर असला की तोच ड्रायव्हर चहाला बसतो. माझ्या मते नांगरट आणि सबसॉयलर तासावर घ्या आणि स्वतः बांधावर उभं राहा, कल्टिवेटर-कुळव-सारे एकरी घ्या. पहिल्या दोन तासांनंतर, तास म्हणजे इथं घड्याळाचे नाही, नांगरानं पडलेल्या चरा, ट्रॅक्टर थांबवून वितीनं खोली मोजा, लाजू नका. आणि उताराला आडवं मारायला सांगा, ड्रायव्हर लांबीच्या दिशेनं मारायला बघतो कारण वळणं कमी पडतात, उतार लांबीचाच असेल तर प्रत्येक तास म्हणजे पाणी बाहेर न्यायचा पाट होतो.

अवजार बँक (औजारं भाड्यानं देणारं केंद्र) जवळ असेल तर सारा यंत्र तिथं विचारा, भाडेवाले ते ठेवत नाहीत कारण मागणी नाही. चार जणांत मिळून घ्यायचं असेल तर महाडीबीटीवर (सरकारी योजनांचं पोर्टल) यांत्रिकीकरणात अर्ज टाका, अल्पभूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमातीला ५० टक्क्यांपर्यंत आणि बाकीच्यांना ४० टक्क्यांपर्यंत अनुदान असतं, कमाल मर्यादा औजाराप्रमाणं. आधी पूर्वसंमती, मग खरेदी, उलटं केलं तर अनुदान नाही. आणि बुकिंग एप्रिलमध्येच करा, पहिला वळीव पडला की तोच ट्रॅक्टरवाला फोन उचलत नाही.

कुणाकडं भारी रानात सबसॉयलरचा दुसऱ्या वर्षीपर्यंत फरक टिकलेला दिसला असेल तर खाली लिहा, रान कसं आहे आणि कधी मारला तेवढं सांगा.